सॅम्पलच्या बॅगेतलं सॅम्पल

या वेळचं पत्र सांगलीकडच्या एका एमआरचं, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीचं आहे. ओळख पटेल असं सगळं आणि आणखी काही ओळी काढून टाकल्यात, बाकी त्याच्याच शब्दांत:

"डॉक्टर, वय २९, लग्नाला १४ महिने झाले. मिरज, कवठेमहांकाळ, जत, तासगाव असा एरिया आहे, रोज गाडीवर शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात, चार वर्षं झाली. सहा-सात महिन्यांपासून लांबच्या रूटवरून आलो की खालच्या भागाला मुंग्या येतात, बधिर होतं, अर्ध्या तासाने जातं. मध्ये दोन-तीनदा बायकोजवळ गेलो तर जमलंच नाही, सकाळी उठल्यावर मात्र सगळं नॉर्मल वाटतं. घरचे गोड बातमी विचारतायत. एप्रिलमध्ये टायफॉईड झालेला, त्यातून उठल्यावर जूनमध्ये गुपचूप वीर्य तपासून घेतलं, सॅम्पल घरून नेलं होतं. काउंट २२, मोटिलिटी (हालचाल) ३८, मॉर्फॉलॉजी (आकार) ३ आलीय. मित्र म्हणतो टाकीची गरमी लागून माणूस कामातून जातो, त्याने साडेतीन हजाराची ताकदीच्या औषधाची एक बाटली आणून दिलीय. बायकोला यातलं काहीच सांगितलेलं नाही. गाडी सोडू का नोकरी सोडू?"

भावा, दोन्ही सोडू नकोस. ती बाटली सोड.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा काय वाटलं माहितीय का, तू तीन वेगवेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारून ठेवलीयस. मुंग्या येणं वेगळं, बायकोजवळ न जमणं वेगळं आणि मूल न राहणं हे तर पूर्णच वेगळं. तिघांचा एकमेकांशी थोडाफार संबंध असेल पण तू तिघांना धरून एकाच खुंटीला टांगलंयस, आणि ती खुंटी म्हणजे गाडी. आपल्याकडे गाडी बिचारी सगळ्यालाच जबाबदार असते, पाठ दुखली गाडी, केस गेले हेल्मेट.

आधी मुंग्यांचं, कारण गाडीचा खरा हात फक्त तिथंच आहे. खुर्चीवर ताठ बसलास की वजन कुल्ल्यांच्या खालच्या दोन हाडांवर येतं, हाताने चाचपलीस तर लागतात, देवाने ती बसायलाच दिलीत. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधला जो दोन बोटांचा पट्टा आहे तो मात्र बसायला दिलेला नाही. त्याच्या आजूबाजूने पुडेंडल नावाची नस जाते, लिंगाला रक्त नेणाऱ्या वाहिन्याही तिथूनच, आणि त्या वाहिन्या खालून हाडाच्या कडेवर दाबल्या जाऊ शकतात. हात उशाला घेऊन झोपलं की कसा मुका होतो, तसंच हे. आता आजकालच्या १५०-१६० सीसीच्या गाड्यांची सीट बघ, पुढे टाकीकडे उतरती असते, ब्रेक मारला की माणूस घसरत घसरत टाकीला जाऊन चिकटतो, वजन हाडांवरून निघून त्या मधल्या पट्ट्यावर येतं, वर रस्त्याचे दणके. तू टाकीला चिकटून बसतोस का? लिहिलं नाहीस, पण पैज लावतो.

म्हणजे बधिरपणा खोटा नाही, मनाचा खेळ नाही. नस ओरडून सांगतेय की बाबा उठ. अर्ध्या तासात जातो म्हणजे नस शाबूत आहे, हे चांगलं लक्षण. पण रोज ओरडायला लावायचं नाही.

यावर अभ्यास झालेत, बहुतेक सायकलवाल्यांवर, कारण सायकलची सीट म्हणजे खरंच शिक्षा असते. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना पुढचं टोक नसलेली सीट सहा महिने वापरायला दिली, तर बधिरपणा बराच कमी झाला. २०१८ मध्ये हजारो सायकलवाल्यांची तुलना पोहणाऱ्यांशी आणि पळणाऱ्यांशी केली, त्यात सायकलवाल्यांचं लैंगिक आरोग्य काही वाईट निघालं नाही, बधिरपणा मात्र त्यांच्यात जास्त होता, आणि जे अधूनमधून पेडलवर उभे राहून चालवायचे त्यांना तो कमी व्हायचा. हे शेवटचं लक्षात ठेव, तुझ्या कामाचं आहे. मोटरसायकलवर जपानमध्ये २००६ साली एक अभ्यास झाला, त्यात गाडी चालवणाऱ्यांमध्ये ताठरपणाच्या तक्रारी जास्त दिसल्या, पण तो छोटा होता, प्रश्नावली भरून घेतलेला, आणि करणाऱ्यांनी स्वतःच त्याला प्राथमिक म्हटलंय. तेव्हा "गाडीने काहीच होत नाही" असं मी म्हणणार नाही, आणि "माणूस कामातून जातो" हे तुझ्या मित्राने कुठून आणलं ते त्यालाच ठाऊक.

मग करायचं काय तर आधी सीटवाल्याकडे जा. गावात गाड्यांच्या सीटा शिवणारा असतोच, त्याला सांग पुढचा उतार भर, मागचं थोडं रुंद आणि सपाट कर, फोम चांगला कडक टाक. लोक मऊ फोम मागतात आणि फसतात, मऊ फोममध्ये हाडं रुततात आणि मधला भाग वर दाबला जातो, म्हणजे आजारापेक्षा इलाज वाईट. जेल पॅड चालेल पण खाली उतार तसाच ठेवून वर पॅड टाकलंस तर पॅडसकट घसरशील. टाकीपासून एक हात... बरं हात नको, चार बोटं मागे बस. स्पीडब्रेकर आणि खड्डा आला की फूटरेस्टवर उभा राहा, सरळ रस्त्यावर पण दर दहा मिनिटांनी वीस-तीस सेकंद बूड उचल, आणि पाऊण तासाने गाडी थांबवून खाली उतर, मोबाईल बघायला थांबतोसच की. मागचा शॉकअप एकदम कडक करून ठेवलेला असेल तर एक-दोन खाच सैल करून घे, टायरमध्ये हवा कंपनीने सांगितली तेवढीच. आणि ती सॅम्पलची जड बॅग पुढे टाकीवर ठेवत असशील तर तीही मागे कॅरिअरला बांध. महिनाभर एवढं कर. मला वाटतं मुंग्या निम्म्याच्या वर कमी होतील. नाही झाल्या, किंवा गाडीवर न बसतासुद्धा यायला लागल्या, तर यूरॉलॉजिस्टला दाखव.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नकोस. बसायच्या पूर्ण भागाला बधिरपणा, सोबत कंबर दुखतेय, दोन्ही पायांत ताकद कमी वाटते, लघवी अडकलीय किंवा झालेली कळत नाही, असं कधी झालं तर ते सीटचं नसतं, कंबरेतली गादी सरकून नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो, आणि त्याला अपॉइंटमेंट घ्यायची नसते, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं असतं. रात्री असेल तर रात्री. आणि पडझडीत टाकीवर आपटून अंडकोष सुजला तरी तेच, घरी बर्फ लावत बसायचं नाही.

आता जमत नाही त्याचं. तूच लिहिलंयस की सकाळी उठल्यावर सगळं नॉर्मल वाटतं. अरे मग उत्तर तूच दिलंस की! सकाळचा ताठरपणा येतो म्हणजे रक्तवाहिन्या, नसा, हार्मोन ही सगळी मशिनरी बहुतेक ठीक आहे. रात्री नऊ-दहाला तू दिवसभराच्या उन्हातून येतोस, टार्गेटचा मेसेज आलेला असतो, आई विचारते काही विशेष, त्यात खालचा भाग बधिर, आणि मग तू बायकोजवळ जातोस ते परीक्षेला बसल्यासारखा. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ते रक्तवाहिन्या आवळतं, आणि ताठर व्हायला तर त्या सैल व्हायला लागतात. वाघ मागे लागल्यावर माणसाला तशी इच्छा होऊ नये अशीच ही रचना आहे. एकदा जमलं नाही की दुसऱ्या वेळी वाघ दाराशीच बसलेला असतो.

पण म्हणून सगळं मनाचंच आहे म्हणून सोडून देणार नाही मी. तू पत्रात एका ओळीत "मावा दिवसातून सात-आठ वेळा" असं घालून पुढे पळालायस, वाटलं असेल डॉक्टर वाचणार नाहीत. गाडीवर सगळा संशय आणि मागच्या सीटवर बसलेला तंबाखू साळसूद. निकोटीन वाहिन्या आवळतं, वर्षानुवर्षं खाल्लं की त्या आतून खराब होतात, आणि लिंगाच्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असल्यामुळे बोंब आधी तिथे उठते. ताठरपणाची तक्रार काही लोकांत हार्ट अटॅकच्या काही वर्षं आधी येते ती याच कारणाने. गुटख्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे पण मावा टपरीवर घोटून मिळतोच, आणि शुक्राणूंनाही तंबाखू मानवत नाही. तेव्हा बीपी मोज, उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) कर, वजन वाढलं असेल तर लिपिड (रक्तातली चरबी), आणि सकाळी दहाच्या आत टेस्टोस्टेरॉन. २९ व्या वर्षी शुगर कशी असेल असं म्हणू नकोस, माझ्याकडे तुझ्याहून लहान पोरं सापडलीत.

आता रिपोर्ट. हा मी हसत हसत वाचला, माफ कर. तू लिहितोस सॅम्पल घरून नेलं. नेमकं कसं नेलंस ते मेल करून विचारलं, तर उत्तर आलं की डबी डॉक्टरांना द्यायच्या सॅम्पलच्या बॅगेत टाकली, बॅग टाकीवर, वाटेत दोन केमिस्टकडे ऑर्डर घेतली आणि मग लॅबला दिली, म्हणजे दीड-दोन तास. जूनचा पहिला आठवडा, पाऊस नाही, टाकी तापलेली. भावा, त्या बिचाऱ्या शुक्राणूंनी तुझा आख्खा रूट केला, मोटिलिटी ३८ टक्के आली हेच मला नवल वाटतंय!

सॅम्पल शक्यतो लॅबमध्येच द्यायचं असतं, तशी खोली असते, लाजायचं कारण नाही, तिथल्या माणसाने तुझ्यासारखे हजार बघितलेत. घरूनच न्यायचं तर तासाच्या आत पोचलं पाहिजे, डबी अंगाजवळ, खिशात, ना ऊन ना बर्फ. आधी दोन ते सात दिवस वीर्य गेलेलं नको, आणि कंडोममध्ये घेऊन न्यायचं नाही, साध्या कंडोममधलं चिकट द्रव शुक्राणूंना मारतं. सांडलं असेल तर तसं सांगायचं, विशेषतः पहिला भाग, कारण शुक्राणू जास्त त्यातच असतात.

आकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा एका मिलिलिटरला १.६ कोटी दिलीय, तुझे २२ दशलक्ष म्हणजे २.२ कोटी. हालचाल करणारे ४२ टक्के, तुझे ३८. आकाराने बरे ४ टक्के, तुझे ३. हो, चारच टक्के, शंभरातले शहाण्णव वाकडेतिकडे असले तरी नॉर्मल, निसर्ग काही क्वालिटी कंट्रोल ठेवत नाही. आणि या मर्यादा म्हणजे पास-नापासची रेघ नव्हे, ज्यांना वर्षभरात मूल राहिलं अशा बापांमधल्या तळाच्या पाच टक्क्यांची ती पातळी आहे. तिच्या थोडं खाली असलेल्यांनाही मुलं होतात.

त्यात तुला एप्रिलमध्ये टायफॉईड. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, वर पूर्ण तयार होऊन बाहेर पडायला आणखी दहा-पंधरा दिवस. जोराचा ताप आला की त्या काळातलं पीकच जळतं, आणि ते दिसतं दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे बरोब्बर जूनमध्ये. तेव्हा हा रिपोर्ट फाडू नकोस पण त्याच्यावर रडूही नकोस. ताप जाऊन तीन महिने पूर्ण झाले की परत कर. एका रिपोर्टवर कुठलाही शहाणा डॉक्टर निकाल देत नाही.

गरमीबद्दल तुझा मित्र अगदीच खोटं बोलत नाहीये, फक्त तिखटमीठ जास्त आहे. अंडकोष शरीराबाहेर लोंबतात ते थंड राहायलाच, त्यांना शरीरापेक्षा दोन-चार डिग्री कमी लागतं. फ्रान्समध्ये २००० साली कार चालवणाऱ्या नऊ जणांना तापमान मोजायचे सेन्सर लावून बघितलं, दोन-अडीच तासांत अंडकोषाच्या पिशवीचं तापमान जवळपास दोन डिग्रीने चढलं. म्हणजे नुसतं मांड्या जुळवून बसण्यानेच, इंजिन त्यांच्या मांडीत नव्हतं. गाडीवर निदान वारा तरी लागतो, पण त्या टाईट जीन्समध्ये वारा शिरणार कुठून, मे महिन्यात कवठेमहांकाळच्या रस्त्यावर काळी जीन्स म्हणजे प्रेशर कुकर आहे नुसता. सैल सुती पॅन्ट घाल, आत बॉक्सर घाल. घरी लॅपटॉपवर रिपोर्टिंग करतोस ते मांडीवर घेऊन नको. हे केल्याने चमत्कार होईल असं नाही, पण फुकटात आहे.

तपासायला जाशील तेव्हा तू उभा असताना अंडकोष तपासायला डॉक्टरांना सांग. डाव्या बाजूला शिरा फुगून गांडुळांच्या पुडक्यासारख्या लागतात का ते बघतात, त्याला व्हेरिकोसील म्हणतात, शंभरात पंधरा-एक पुरुषांना असतं, बऱ्याच जणांना त्रास नसतो पण कधीकधी काउंट त्यामुळे कमी असतो. दिवसअखेर ओढल्यासारखं दुखत असेल तर हे आठवणीने सांग.

मूल न राहण्याचा साधा हिशोब मात्र तू केलेलाच नाहीस. १४ महिन्यांतले पहिले सहा-सात महिने कंडोम होता असं तूच लिहिलंयस, नंतर टायफॉईडचा महिना, नंतर टेन्शनमध्ये पंधरा-वीस दिवसांतून एकदा. महिन्यात गर्भ राहायचे दिवस सहाच, बीज सुटायच्या आधीचे पाच आणि सुटायचा तो. पंधरा-वीस दिवसांनी एकदा भेटलात तर ते सहा दिवस बऱ्याचदा हुकणार, यात गाडी कुठे आली? दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा, तारखा मोजत बसू नका, तारखा मोजल्या की परत वाघ येतो. कंडोमशिवाय वर्ष झालं तरी राहिलं नाही तर दोघांची तपासणी करायची, बायकोचं वय ३५ च्या पुढे असतं तर सहा महिन्यांतच म्हटलं असतं. दोघांची म्हटलं मी. आपल्याकडे आधी बायकोला दवाखान्यात नेतात, तू उलटं केलंस, एकट्यानेच सगळं अंगावर घेऊन गुपचूप फिरतोयस, तेही बरोबर नाही.

बाटली. लेबलवर काय काय लिहिलंय त्याचा फोटो पाठवलास, त्यात एकाही घटकाचं प्रमाण नाही. तू एमआर आहेस ना रे? डॉक्टरांसमोर उभा राहून मिलिग्राम आणि साइड इफेक्ट पाठ म्हणतोस आणि स्वतः बिनप्रमाणाची बाटली पिणार? असल्या औषधांत गुपचूप सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) घातलेलं अनेकदा सापडलंय, म्हणून तर "गुण" येतो, आणि कुणी छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी घेत असेल तर बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. भस्मांमध्ये शिसं-पारा निघतो तो वेगळाच. लैंगिक ताकदीच्या औषधांची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी एसटी स्टँडची मुतारी बघ. आणि जिममधल्या कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर तिथून पळ, बाहेरून हार्मोन मिळालं की अंडकोष शुक्राणू बनवायचं काम बंद करतात, बाप व्हायला निघालेल्या माणसाने घ्यायचं ते औषधच नव्हे. सिल्डेनाफिल वाईट नाही हं, तपासून डॉक्टरने दिलं तर वाघाला पळवायला थोडे दिवस कामाला येतं. मित्राच्या खिशातून नको, एवढंच.

शेवटी बायकोचं. पत्रात तू लिहितोस, "बायकोला यातलं काहीच सांगितलेलं नाही." तिला सगळं माहीत आहे रे, फक्त कारण माहीत नाही, आणि कारण माहीत नसलं की बाई स्वतःतच खोट शोधते, मी आवडत नाही का, बाहेर काही आहे का. तिला मुंग्यांचं सांग, रिपोर्टचं सांग, बॅगेतल्या डबीचं तर नक्की सांग, ती हसेल आणि निम्मं काम तिथेच होईल. दोन आठवडे ठरवून टाका की संबंध करायचाच नाही, नुसतं जवळ झोपायचं, गप्पा मारायच्या. परीक्षाच रद्द केली की पास-नापास राहत नाही. बऱ्याच जोडप्यांचा हा नियम चौथ्या-पाचव्या दिवशी मोडतो, आणि मोडला तर मला अजिबात राग येणार नाही.

एक आठवलं म्हणून सांगतो, र. धों. कर्वे मुंबईतून १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढायचे, त्यात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं द्यायचे, आणि त्यावरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, वकील होते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरला, उत्तरं देणं चालूच ठेवलं. आज मी हे लिहितोय तर माझ्यावर कुणी खटला भरत नाहीये, फार तर आमच्या काकू हे सदर वाचून मला फोन करतील. तेव्हा तूसुद्धा तोंड झाकून लॅबमध्ये जायची गरज नाही.

सीट शिवून झाली आणि ऑगस्टमधला रिपोर्ट आला की कळव. पाठवताना नाव झाकून पाठव, आणि त्या दिवशी रूट लावू नकोस, सकाळी सरळ लॅबला जा, बॅग घरी ठेवून.